झेडएक्स स्पेक्ट्रम : गेम खेळणं आणि बनवणं

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधल्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने २३ एप्रिल १९८२ ला जाहीर केलेला घरगुती कॉम्प्युटर. प्रोसेसर झेड८०ए, वेग ३.५ मेगाहर्ट्झ, रॉम १६ केबी, रॅम १६ किंवा ४८ केबी आणि किंमत सुरुवातीला १२५ आणि १७५ पौंड. हार्डवेअर रिचर्ड अल्टवॉसर यांचं, रॉममधली बेसिक ही प्रोग्रामिंग भाषा स्टीव्ह विकर्स यांची, आणि रबरी बटणांची ती छोटी काळी पेटी रिक डिकिन्सन यांची. जोडणी स्कॉटलंडमध्ये डंडीच्या टायमेक्स कारखान्यात व्हायची. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर धंदा ॲमस्ट्राडने विकत घेतला.

गेम कॅसेटवर यायचे. लोड टाइप करून टेप चालू केली की बॉर्डरवर आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे पळायचे, पूर्ण ४८ केबीचा गेम चढायला चार-पाच मिनिटं लागायची आणि शेवटी 'आर टेप लोडिंग एरर' आलं की टेप मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून. क्यू-ए वर-खाली, ओ-पी डावी-उजवी आणि स्पेसने गोळी, ही बटणं इतकी रूढ झाली की आजचे नवे गेमसुद्धा हीच रचना ठेवतात.

या मशीनवरचा कुठलाही गेम नीट समजून घ्यायचा तर आधी त्याचा स्क्रीन समजून घ्यावा लागतो, बाकी सगळं तिथूनच निघतं. स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला एक बिट धरला तर ६१४४ बाइट लागतात, आणि प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा म्हटलं तर एकट्या स्क्रीनला २४ केबी, म्हणजे १६ केबीच्या मॉडेलमध्ये तो मावलाच नसता. म्हणून रंग वेगळा ठेवला, ८ बाय ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीला एक बाइट, त्यात शाईचा (ठिपक्यांचा) एक रंग, कागदाचा (मागच्या भागाचा) एक रंग, एक बिट ब्राइट आणि एक फ्लॅशचा. अशा ७६८ चौकटी, त्यामुळे सगळा स्क्रीन ६९१२ बाइटमध्ये बसतो. बचत मोठी झाली पण एका चौकटीत दोनच रंग, त्यामुळे लाल राक्षस हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडाही लाल. यालाच कलर क्लॅश म्हणतात.

आता ठिपक्यांचा मेमरीतला क्रम. तो १६३८४ या पत्त्यापासून सुरू होतो, पण वरून खाली सरळ जात नाही. स्क्रीनचे तीन भाग, प्रत्येक २०४८ बाइटचा, आणि त्या भागात आधी आठही अक्षर-ओळींची पहिली रेघ, मग आठांची दुसरी, असं. लोडिंगचं चित्र टप्प्याटप्प्याने पट्ट्यापट्ट्याने भरत जातं ते यामुळेच. हा क्रम असा का ठेवला यावर दोन मतं आहेत. एक मत असं की हे प्रोग्रामरच्या सोयीसाठी आहे, कारण एका चौकटीच्या आत एक रेघ खाली यायचं तर पत्त्यात नेमके २५६ वाढतात, म्हणजे झेड८० मध्ये पत्त्याचा वरचा भाग धरणारा एच रजिस्टर (प्रोसेसरमधला छोटा कप्पा) फक्त एकने वाढवायचा, ४ क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या ठोक्यांत) काम संपतं आणि अक्षर छापणं झपाट्याने होतं. दुसरं मत हार्डवेअरचं : ठिपक्यांच्या बाइटचा आणि त्याच चौकटीच्या रंगाच्या बाइटचा पत्ता पाहिला तर खालचे आठ बिट दोन्हीकडे अगदी सारखे येतात, त्यामुळे स्क्रीन काढणाऱ्या यूएलए चिपला रॅमची ओळ एकदाच निवडून दोन्ही बाइट पाठोपाठ पटकन वाचता येतात. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. स्वस्तातली रॅम आणि एकच चिप या मर्यादेत वेळेत वाचणं ही खरी अडचण होती, अक्षरांचा वेग हा सोबत मिळालेला फायदा असावा.

याच यूएलएमुळे खालची १६ केबी रॅम वाटून वापरावी लागते. स्क्रीन काढला जात असताना प्रोसेसरने तिथे हात घातला की त्याला थांबवलं जातं, म्हणून वेगाचा कोड ३२७६८ या पत्त्याच्या वर ठेवायची पद्धत पडली. एका फ्रेमला (स्क्रीनच्या एका पूर्ण चित्राला) ६९८८८ क्लॉक मिळतात, सेकंदाला साधारण ५० फ्रेम. स्क्रीनचे ६१४४ बाइट एलडीआयआर या प्रोसेसरच्या सूचनेने कॉपी करायला प्रत्येकी २१ प्रमाणे १,२९,०२४ क्लॉक जातात, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. त्यामुळे अख्खा स्क्रीन गुळगुळीत सरकवणं साध्या मार्गाने होत नाही, मग कोणी स्टॅक पॉइंटर (पुश ही सूचना बाइट कुठे टाकते तो पत्ता) स्क्रीनवर नेऊन पुशने एका वेळी दोन बाइट टाकतं, कोणी खेळाची खिडकीच लहान करतं, कोणी स्क्रोल न करता खोली बदलतं.

कलर क्लॅशवर प्रत्येकाने आपापली वाट काढली आणि या मशीनच्या गेम्सचं खरं सौंदर्य तिथेच दिसतं. डॉन प्रीस्टली यांनी 'पॉपाय' (१९८५) आणि 'द ट्रॅप डोअर' (१९८६) मध्ये चौकटींच्या मापात बसणारी मोठी रंगीत पात्रं केली. 'नाइट लोअर' (१९८४) ने सरळ एका खोलीला एकच रंग दिला आणि सगळी ताकद तिरक्या त्रिमिती देखाव्यावर लावली. तो देखावा स्पेक्ट्रमवर आधी कोणी आणला हा वाद जुना आहे. सँडी व्हाइट यांचा 'अँट अटॅक' १९८३ चा, पण 'नाइट लोअर' बनवणाऱ्या अल्टिमेट कंपनीच्या स्टॅम्पर बंधूंचं नंतरचं म्हणणं असं की 'नाइट लोअर' हा त्यांच्याच 'सेबर वुल्फ' या गेमच्याही आधी तयार होता आणि मुद्दाम मागे ठेवला. प्रकाशनाची तारीख धरणं जास्त सुरक्षित, तसं पाहिलं तर पहिला मान 'अँट अटॅक'चा.

मॅथ्यू स्मिथ यांचा 'मॅनिक मायनर' (१९८३) वीस गुहांचा. तो लिहिला गेला टीआरएस-८० वर, म्हणजे एका मशीनवर लिहून दुसऱ्यावर चालवायची रीत तेव्हाही होती. खेळता खेळता मागे संगीतकार ग्रीग यांची धून वाजते, आणि बीपर (मशीनमधला छोटा स्पीकर) एका बिटाचा असल्याने प्रोसेसरलाच तो हलवावा लागतो, म्हणून खेळाच्या प्रत्येक फेरीत सूर अगदी थोडासा वाजवून पुढे जावं लागतं. पोक म्हणजे मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर थेट आकडा लिहिणारी आज्ञा, आणि याच गेमचा प्रसिद्ध पोक ३५१३६,० : त्या पत्त्यावर जीव एकने कमी करणारी सूचना आहे, तिथे शून्य टाकलं की प्रोसेसर तिथे काहीच करत नाही आणि जीव संपत नाहीत. असे पोक शोधता शोधता बरीच पोरं मशीन कोड (प्रोसेसरची थेट भाषा) शिकली.

आज नवे गेम बहुतेक पीसीवर लिहिले जातात. असेंब्लीसाठी (मशीन कोडच्या जवळची भाषा) एसजेएएसएमप्लस, सी साठी झेड८८डीके, बेसिक आवडणाऱ्यांसाठी बोरिएलचा कंपायलर, आणि कोड न लिहिता सुरुवात करायची तर जोनाथन कॉल्डवेल यांचं आर्केड गेम डिझायनर. चाचणी फ्यूजसारख्या एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. १९९९ च्या सुमारास ॲमस्ट्राडने कॉपीराइट स्वतःकडे ठेवून एम्युलेटरसोबत रॉम वाटायला परवानगी दिली, तिचा या सगळ्याला मोठा आधार झाला. निर्वाणा नावाचं इंजिन रंगाचे बाइट फ्रेम चालू असतानाच बदलत राहतं, त्यामुळे एका चौकटीत उभ्या दिशेने चार वेळा रंग बदलता येतो, मात्र प्रोसेसरचा बराच वेळ त्यातच जातो.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस या नंतरच्या मॉडेलची आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने विकली, काळ साधारण १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. आपल्याकडचे टीव्हीही ब्रिटनसारखेच ५० हर्ट्झच्या पाल या पद्धतीचे.

नव्या हार्डवेअरमध्ये स्पेक्ट्रम नेक्स्ट आणि रेट्रो गेम्स कंपनीचा २०२४ चा 'द स्पेक्ट्रम' आहे. तरी जुनं मशीन मिळालं तर तयार गेम त्यावर एकदा चालवून बघावाच : टॅप फाइल (कॅसेटवर असतो तो डेटा फाइलच्या रूपात) आवाजात बदलून फोनवरून इअर सॉकेटला द्यायची, आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि फोनचा इक्वलायझर बंद करायचा.