यकृतातली गाठ, मायक्रोवेव्हची सुई आणि पाण्याचे रेणू

‘मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं खाऊ नका, कॅन्सर होतो’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून डोकं वर काढतोच. त्याच 2.45 गिगाहर्ट्‌झच्या लहरींनी यकृतातली कॅन्सरची गाठ जाळली जाते, हे मात्र फारसं कुणी पुढे पाठवत नाही. त्वचेतून गाठीत सुई घालायची आणि तिच्या टोकातून लहरी सोडायच्या, या उपचाराचं नाव मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन.

आधी भीतीचं बघू. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून डीएनएची मोडतोड करायला साधारण 10 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे अणू-रेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप) ऊर्जा लागते. मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडीत, असते 0.00001 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे दहा लाख पटींनी कमी. एक्स-रे जे करतो ते या लहरींच्या आवाक्यातलंच नाही. त्या फक्त तापवतात. पण भाजायला तेवढंच पुरतं, आणि सगळा उपचार त्यावरच उभा आहे.

तापवतात कशा? ‘2.45 गिगाहर्ट्‌झला पाण्याचा रेणू अनुनादाने थरथरतो’ असं, म्हणजे लहर रेणूच्या स्वतःच्या लयीशी जुळते असं, पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. ते चूक आहे. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. विद्युतक्षेत्राची दिशा पालटली की रेणू वळू पाहतो; इथे ती सेकंदाला जवळजवळ 5 अब्ज वेळा पालटते. शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्याला धरून असल्यामुळे तो क्षेत्राच्या जरासा मागे पडतो. या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णता होऊन उतरते. साध्या तापमानाला पाणी सर्वाधिक ऊर्जा शोषतं ते 20 गिगाहर्ट्‌झच्या आसपास. मग तीच वारंवारता का घेत नाहीत? कारण ती लहर काही मिलिमीटरांतच संपेल: सुईलगत कोळसा आणि बाकी गाठ जिवंत. 2.45 गिगाहर्ट्‌झला यकृतात विद्युतक्षेत्र सुमारे 2 सेंटिमीटरनंतर एक-तृतीयांशाच्या आसपास उरतं, आणि गाठीला तेवढा पल्ला सोयीचा. काही यंत्रं 915 मेगाहर्ट्‌झवर चालतात. तिथे लहर आणखी खोल जाते आणि तापवण्यात शरीरातल्या क्षारांच्या आयनांचा वाटा मोठा असतो.

सुई दीड ते अडीच मिलिमीटर जाडीची. आत बारीक कोॲक्सियल केबल: मधोमध तार, भोवती विद्युतरोधक, त्याबाहेर धातूचं आवरण. टोकाजवळ हे आवरण खाचेसारखं उघडं ठेवतात, तिथून लहर ऊतीत शिरते; हीच सुईची अँटेना. अडचण अशी की केबल जितकी बारीक तितकी शक्ती वाटेतच उष्णता होऊन वाया जाते आणि सुईचा दांडा तापतो. म्हणून दांड्यातून पंपाने थंड पाणी किंवा सलाईन सतत फिरवतात. पंप अडला तर गाठीऐवजी त्वचेपर्यंतची वाट भाजेल; यंत्र सुरू करण्याआधी पाणी वाहतंय ना, हे बघावंच लागतं.

गाठ जाळण्याच्या जुन्या रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत ऊतीतून साधारण 400 ते 500 किलोहर्ट्‌झचा विद्युतप्रवाह जातो आणि मांडीवर परतीचा पॅड चिकटवावा लागतो. सुईभोवतीची ऊती वाळून करपली की प्रवाहच अडतो. मायक्रोवेव्हला पॅड लागत नाही, आणि ती करपलेल्या थरातूनही पुढे जाते. मात्र ऊतीतलं पाणी उडालं की लहरीची लांबी बदलते, अँटेनाचा मेळ बिघडतो आणि काही शक्ती उलटी फिरते. मृत भाग गोल न होता दांड्याच्या दिशेने लांबट होतो तो यामुळेही.

60 अंशांवर पेशीतली प्रथिनं जवळजवळ लगेच गोठतात, 50 अंशांना काही मिनिटं लागतात. 60 ते 100 वॅट, 5 ते 10 मिनिटं, हा नेहमीचा हिशेब. 2 सेंटिमीटरची गाठ असेल तर चहूबाजूंनी 5 ते 10 मिलिमीटर निरोगी यकृतही धरून 3 ते 4 सेंटिमीटरचा भाग मारायचा. 3 मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी शेजारी असेल तर 37 अंशांचं वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि तिच्या कडेला पेशी वाचतात. मायक्रोवेव्हमध्ये हा त्रास कमी, पण संपलेला नाही. पित्तनलिकेचं उलट: तिला वाहत्या रक्ताचं असं संरक्षण नाही, ती भाजते आणि पुढे आक्रसते. म्हणून यकृताच्या मुखाजवळच्या, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथे यकृताला जोडतात तिथल्या, गाठीला सहसा हात लावत नाहीत. आतडं चिकटून असेल तर मधे द्रव सोडून ते दूर सारतात.

ही पद्धत साधारण 3 सेंटिमीटरपर्यंतच्या, मोजक्या गाठींसाठी आहे. ‘ऑपरेशनशिवाय कॅन्सर गायब’ अशा जाहिरातींत ही मर्यादा सांगत नाहीत, तो रुग्णावर अन्याय आहे.

सुई सोनोग्राफीवर किंवा सीटीवर बघत घालतात. तापू लागलं की वाफेचे बुडबुडे सोनोग्राफीत पांढऱ्या ढगासारखे दिसतात आणि मागचं सगळं झाकतात. म्हणून एकाहून जास्त सुया लागणार असतील तर त्या आधीच बसवून घ्याव्यात. ढगाची कड म्हणजे मृत भागाची कड नव्हे. सुई काढताना यंत्र कमी शक्तीवर चालू ठेवून वाटही जाळत येतात, त्याने रक्तस्राव आणि वाटेत कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका कमी होतो. शेवटी कॉन्ट्रास्ट (रक्तातून पसरून स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) देऊन सीटी करतात: मेलेल्या भागात कॉन्ट्रास्ट पोचत नाही, तो काळा दिसतो. ऊती वाळून आकसलेली असल्याने हा काळा भाग मूळ जळालेल्या भागापेक्षा लहान भरतो, हे मोजताना ध्यानात ठेवायचं. साधारण महिन्याभराने पुन्हा स्कॅन होतो. त्यात काळ्या कडेला, विशेषतः रक्तवाहिनीच्या बाजूला, उजळ गोळा दिसला तर तिथे गाठ जिवंत राहिल्याची शंका घ्यायची आणि सुई पुन्हा घालायची का ते ठरवायचं.