शेवटचं वर्ष हेच, हे आधी कुणाला कळतं?

आयुष्याच्या अखेरच्या वर्षात उपचारांवर पैसा पाण्यासारखा जातो, हे आकडेवारीत दिसतं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेच्या हिशेबांवर १९९३ साली एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात मरण पावणारे लाभार्थी शंभरात पाच-सहा, पण योजनेचा २८ टक्क्यांच्या आसपास पैसा त्यांच्यावर गेलेला. त्यातलाही ४० टक्के शेवटच्या तीस दिवसांत. हे वाचून लगेच कुणीतरी म्हणतं, जाणाऱ्या माणसावर इतका खर्च करायचाच कशाला?

गोम अशी, की हा हिशेब मृत्यूच्या तारखेपासून मागे मोजलेला आहे. घरच्यांच्या हातात ती तारीख नसते. गेल्या खेपेला आयसीयूतून माणूस परत आला, मग या खेपेला का नाही येणार? डॉक्टरांचे अंदाजही चुकतात. २००० सालच्या एका अभ्यासात ३४३ डॉक्टरांना, हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेत, दाखल झालेले ४६८ रुग्ण किती जगतील, हे विचारलं. शंभरातले वीसच अंदाज बरोबर निघाले. एकुणात डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपटींहून जास्त आयुष्य गृहीत धरलं होतं. २०१८ मध्ये संगणकाची मदत घेऊन पाहिलं, तर वर्षभरात मृत्यूची शक्यता निम्म्याहून अधिक असलेल्या लोकांवर मेडिकेअरचा पाच टक्केसुद्धा खर्च होत नव्हता. म्हणजे आधीच ओळखून वाचवता येईल असा पैसा फारसा नाहीच.

त्यातून प्रत्येक दुखण्याची चाल निराळी. कर्करोगात माणूस बरेच दिवस हिंडता-फिरता असतो आणि अखेरच्या काही आठवड्यांत झपाट्याने खालावतो. हृदय किंवा फुप्फुस निकामी होत जातं तेव्हा दर झटक्याला ॲडमिशन, थोडी सुधारणा, पण आधीच्या पातळीवर येणं नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, नुसती झीज, वर्षानुवर्षं. माझ्या मते घराला सगळ्यात जास्त पोखरतो तो हा तिसरा प्रकार, कारण त्याचं मोठं बिल हॉस्पिटलातून येतच नाही. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात शेवटच्या पाच वर्षांचा हिशेब मांडला. विमायोजनेचा खर्च सगळ्या आजारांत साधारण सारखाच होता. घरच्यांच्या खिशातून मात्र डिमेन्शियासाठी सरासरी सुमारे ६१,५०० डॉलर गेले, इतर आजारांत ३४,००० च्या आसपास. न्हाऊ घालणं, भरवणं, डायपर बदलणं याला विम्याच्या भाषेत उपचार म्हणत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

घरातला हा खर्च बारीक-सारीक असतो, म्हणून नजरेतून सुटतो. साडेतीनशे वॉटचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर रात्रंदिवस चालला तर रोजची आठेक युनिट वीज खातो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोनेक तासांनी कूस बदलावी लागते. म्हणजे रात्रीतून चार वेळा कुणीतरी उठणार, सकाळी कामावर पेंगणार, पुढे बिनपगारी रजा घेणार, आणि एक दिवस नोकरीच सोडणार. हा बुडालेला पगार कुठल्याही बिलावर नसतो.

जागतिक मोजमापातही अशी भोकं आहेत. घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा आजारपणात गेला, की तो आपत्तीजनक खर्च, असा एक रूढ निकष आहे. ज्या घराने पैशाअभावी उपचारच थांबवले, ते या निकषानुसार सुखरूप ठरतं!

वेदना आणि धाप आटोक्यात ठेवण्यावर भर देणारी पॅलिएटिव्ह सेवा लवकर सुरू केली तर फरक पडतो. २०१० मध्ये बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर ते तपासलं गेलं. ही सेवा लवकर मिळालेल्या गटात अखेरीस आक्रमक उपचार कमी झाले, तरी मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटात ८.९. मात्र ही सेवा घरी दिली, तर उशाशी बसण्याचं काम पुन्हा घरच्यांवरच येतं, हे हिशेबात धरायला हवं.

'किती दिवस आहेत?' या प्रश्नाला डॉक्टर सहसा बगल देतात. त्यांच्यातच वापरला जाणारा एक वेगळा प्रश्न आहे: हा रुग्ण वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर नेहमी खरं ठरतं असं नाही. पण पुढच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर सही करण्याआधी घरच्यांनी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला, तर बोलणं निदान सुरू तरी होतं.