स्त्रिया, हृदयविकार आणि २००२चा निर्णय : पार्श्वभूमी

पाळी गेलेल्या स्त्रियांना संप्रेरकांच्या (हॉर्मोन्सच्या) गोळ्या देऊन पाहणारी एक मोठी अमेरिकी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवली गेली. त्या निर्णयामागची ही गोष्ट. अमेरिकेत हृदयविकाराचा मृत्युदर १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून उतरू लागला. वयाचा फरक वजा करून पाहिलं तर पुरुषांचा दर तेव्हाही जास्त होता आणि आजही आहे. तरीही १९८४ पासून जवळजवळ तीन दशकं तिथे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दगावणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त राहिली. स्त्रिया जास्त जगतात आणि हा आजार त्यांना उतारवयात गाठतो, म्हणून असं होतं. दर आणि संख्या यांची गल्लत बातम्यांमध्ये अजूनही सर्रास होते.

मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीत बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा सुमारे दहा वर्षं उशिरा होतो असं दिसलं. मग पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यांचं रक्षण करतं, हा समज पक्का झाला. आश्चर्य म्हणजे १९६०च्या दशकातल्या मोठ्या चाचणीत हे इस्ट्रोजेन दिलं गेलं ते पुरुषांना. हृदयविकाराचे झटके वाढले आणि १९७० मध्ये मोठा डोस बंद करावा लागला. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचा नियम आला. तो १९९३ पर्यंत टिकला. ॲस्पिरिनची गाजलेली चाचणी तर २२,०७१ डॉक्टरांवर झाली, आणि ते सगळे पुरुष होते.

खरा वाद पेटला तो जुलै २००२ मध्ये. इस्ट्रोजेनने हृदयविकार टळतो का हे पाहायला पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांना रोज एक गोळी दिली जात होती, काहींना खरी, काहींना नुसती दाखवायची. खऱ्या गोळीत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन होतं आणि जोडीला प्रोजेस्टिन हे दुसरं संप्रेरक. सरासरी पाच वर्षांनी चाचणी मध्येच थांबवली गेली. थांबवण्याचं मुख्य कारण स्तनाचा कर्करोग हे होतं, पण मथळा झाला ‘हृदयविकार २९ टक्क्यांनी वाढला’. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३७, असा तो फरक होता, आणि हृदयविकाराच्या मृत्यूंत ठळक वाढ दिसली नव्हती. या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्यांवरचा निष्कर्ष पन्नाशीतल्या बाईला लावला गेला, आणि माझ्या मते हीच त्या निर्णयाची सर्वांत मोठी चूक. गोळ्यांची मागणी झपाट्याने घसरली. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची जोडीची चाचणी २००४ मध्ये थांबली. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं आणि त्यांच्यात हृदयविकार वाढला नव्हता, पक्षाघात मात्र वाढला होता. साठीच्या आत सुरू केलेल्या उपचारांचा हिशेब वेगळा धरावा, हे मत त्यानंतर बळावलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या गोळ्यांवरचा हृदयविकाराचा ठळक इशारा काढून टाकण्याची घोषणा केली.

या सगळ्या गदारोळात १९९९ची एक नोंद मागे पडली, याचं फार वाईट वाटतं. हृदयविकाराचा झटका येऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी पन्नाशीच्या आतल्या स्त्रिया त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात दगावत होत्या. या स्त्रियांपैकी बहुतेकींची पाळी अजून चालू असणार. इस्ट्रोजेनच्या कवचाने त्या मृत्यूंचा उलगडा होत नाही.