भोपाळनंतरचा कायदा आणि स्टॉकहोमचा दाखला

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ वाचायला घेतला की प्रस्तावनेतच जून १९७२च्या, संयुक्त राष्ट्रांनी मानवी पर्यावरणावर भरवलेल्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख येतो. भोपाळचे नाव त्यात कुठेच नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला, हजारो माणसे गेली आणि दीड वर्षाच्या आत संसदेने हा कायदा केला. ज्यांच्या मरणामुळे तो झाला त्यांच्याऐवजी चौदा वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या परिषदेचा दाखला का दिला असेल? उत्तर राज्यघटनेत आहे.

स्टॉकहोमला ५ ते १६ जून १९७२ या काळात ११३ देशांचे प्रतिनिधी जमले होते. यजमान स्वीडनचे पंतप्रधान वगळता सरकारप्रमुख म्हणून इंदिरा गांधी एकट्याच तिथे होत्या. ‘गरिबी हेच सर्वांत मोठे प्रदूषण’ असे त्या म्हणाल्याचे आजही सर्रास सांगितले जाते. खरे तर त्यांनी प्रश्न विचारला होता: गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? जंगलाच्या आधाराने जगणाऱ्यांना रोजगार मिळत नाही तोवर त्यांना जंगल ओरबाडण्यापासून रोखता येणार नाही, हे त्या सांगत होत्या. हा संदर्भ गाळून तेच वाक्य धूर ओकणाऱ्या कारखान्याच्या समर्थनासाठी वापरलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते.

परिषदेचा जाहीरनामा हा करार नव्हता, तो कुणावर बंधनकारकही नव्हता. दिल्लीला मात्र त्याचा मोठा उपयोग झाला. पाणी हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. म्हणून १९७४चा जलप्रदूषणाचा कायदा करताना केंद्राला अनुच्छेद २५२चा लांबचा रस्ता धरावा लागला. आधी काही राज्यांनी ठराव करायचे, मग संसदेने कायदा करायचा, उरलेल्या राज्यांनी तो सवडीने स्वीकारायचा. महाराष्ट्राने तर १९६९मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७०मध्ये त्यासाठी मंडळही नेमले होते. केंद्राचा कायदा आपण १९८१मध्ये स्वीकारला.

अनुच्छेद २५३ने हा वळसा वाचतो. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेत झालेला निर्णय अमलात आणायचा असेल, तर संसद राज्यांचे ठराव न मागता त्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. १९८१चा वायुप्रदूषणाचा कायदा याच आधारावर झाला आणि १९८६चाही. प्रस्तावनेत स्टॉकहोम आले ते यासाठी. पुढे २०१०मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला, तेव्हा प्रस्तावनेत स्टॉकहोमच्या जोडीला १९९२ची रिओ परिषदही आली.

१९८६च्या कायद्यात मुळात अवघी २६ कलमे होती. १९ नोव्हेंबर १९८६पासून तो लागू झाला. समुद्रापासून किती मीटर सोडून बांधायचे, कारखाना कुठे नको, नदीत काय सोडलेले चालेल, यातले काहीही त्या कलमांत लिहिलेले नाही. कलम ३ केंद्र सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करण्याचा अधिकार देते. कलम ५खाली कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज-पाणी तोडण्याचा आदेश काढता येतो. बाकी सगळे राजपत्रातल्या नियमांवर आणि अधिसूचनांवर सोडलेले. भोपाळनंतर झटकन वापरता येईल असा अधिकार सरकारला हवा होता, आणि त्यातून पुष्कळ चांगले घडलेही. १९८९चे घातक कचऱ्याचे नियम, १९९१ची किनारपट्टी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना, मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरणाची मंजुरी सक्तीची करणारी १९९४ची अधिसूचना, ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल कराराला धरून केलेले २०००चे नियम, हे सगळे याच कायद्याच्या पोटातून आले.

पण जे अधिसूचनेने मिळते ते अधिसूचनेनेच जाऊ शकते. त्यासाठी नवे विधेयक लागत नाही, संसदेत मतदान लागत नाही. १९९१च्या सीआरझेडने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा बांधकामासाठी बंद केला होता. २०१९च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत तो ५० मीटरवर आणला. कोकणात लाटा घरांच्या कुंपणापर्यंत येत असताना हा पट्टा आखडावा, हे मला कोणत्याही हिशेबात पटत नाही.

या ताकदीचे आणि दुबळेपणाचे सगळ्यात बोलके उदाहरण डहाणूचे. २० जून १९९१ रोजी याच कायद्याखाली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. चिकूच्या बागा, वारल्यांचे पाडे आणि खाड्यांच्या या तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, अशी मर्यादा पडली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६मध्ये डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ हे काम पाहत राहिले. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचा प्रस्ताव आला तेव्हा १९९८मध्ये प्राधिकरणाने तो इथे बसत नाही असे स्पष्ट सांगितले. बंदर थांबले.

जानेवारी २०१९मध्ये धर्माधिकारी गेले. जुलै २०२३मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये फेटाळल्या आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या या बंदराची पायाभरणी झाली. डहाणूची १९९१ची अधिसूचना तेव्हाही लागू होती, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोधही.