वराहखाद्यातील पीक-उपउत्पादने (नागपूर परिसर)

धान, तूर, सोयाबीन, कापूस यांच्या प्रक्रियेतून उरणारे पदार्थ नागपूर भागात स्वस्त मिळतात. पण गायीला चालते ते डुकरालाही चालेल, हा समज महागात पडतो. डुकराचे पोट एककप्पी असते. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) त्याचे पोट भरते, वजन वाढवत नाही.

सर्वांत उपयोगी पदार्थ भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलचा. तांदळाची कणकी ऊर्जेत मक्याच्या जवळपास असते. आधुनिक मिलच्या पॉलिशमध्ये (तांदूळ घासताना निघणाऱ्या बारीक कोंड्यात) १२-१३ टक्के प्रथिने आणि भरपूर तेल असते. गावातल्या हलर गिरणीच्या कोंड्यात मात्र तूस (धानाचे टरफल) दळलेले असते. चिमूटभर पाण्यात टाकून पाहावा, तूस वर तरंगते. तेलामुळे पॉलिश लवकर खवट होते. उन्हाळ्यात दोन आठवड्यांहून जास्त साठवू नये. मिश्रणात ते ३० टक्क्यांवर गेले तर चरबी मऊ पडते. शिवाय कोंड्यात स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी. म्हणून चुनखडीची भुकटी न घालता कोंड्यावर वाढवलेली पिले लंगडू लागतात.

वाढत्या पिलांसाठी (३५ ते ६० किलो) १०० किलोचे एक मिश्रण असे: कणकी ४५, पॉलिश २०, सोयाबीन ढेप १८, तूर चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) १०, गव्हाचा कोंडा ३.५, चुनखडी १, खनिज मिश्रण २, मीठ अर्धा किलो. प्रथिने सुमारे १६ टक्के भरतात. पिलाला दिवसाला दीड ते दोन किलो पुरते. नव्या मिश्रणावर सात-दहा दिवसांत हळूहळू आणावे. पाणी कायम समोर हवे, नाहीतर एवढ्याशा मिठानेही विषबाधा होते. सोयाबीन कच्चे कधीच देऊ नये. त्यातले ट्रिप्सिनरोधक घटक (पाचक रसाला अडवणारे) प्रथिने पचू देत नाहीत, म्हणून अर्धा तास उकळावे किंवा भाजलेली ढेप घ्यावी.

खरा धोका सरकीचा. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य गायीच्या रवंथाच्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, डुकराच्या पोटात नाही. बीटी कपाशीची सरकीही याला अपवाद नाही. संपूर्ण खाद्यात मुक्त गॉसिपॉल ०.०१ टक्क्याच्या वर नसावे. त्याच्या वजनाइतके लोह मिसळल्यास ते बांधले जाते. त्यासाठी हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) गॉसिपॉलच्या सुमारे पाचपट लागतो. विषबाधेत महिना-दीड महिना जनावर धडधाकट दिसते, मग धाप लागते आणि ते अचानक मरते. सरकीची ढेप तपासून घेता येत नसेल तर डुकरांच्या गव्हाणीत ती नकोच.

संत्र्याचा चोथा व साल ओली दिली तर त्यात बहुतेक पाणीच असते, आणि दोन दिवसांत बुरशी धरते. वाळवून, तेही ५ ते १० टक्क्यांपर्यंतच मिसळावी. साल कडू असल्याने जास्त झाली की डुक्कर कुंडीत तोंड घालत नाही. बुरशीचा वास येणारी ढेप, मग ती शेंगदाण्याची का असेना, उन्हात वाळवूनही सुधारत नाही, कारण अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उन्हाने पूर्ण जात नाही.