‘गिव्ह अप’मध्ये देणं कुठून आलं?

‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे, हे आपण पाठ करतो. पण ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर; यातून सोडणं निघालं कसं? जुना वापर पाहिला की कोडं सुटतं. तिथे खरोखर काहीतरी दिलं जायचं आणि ते घेणाराही असायचा.

इंग्लंडमधल्या पीटरबरो मठाच्या बखरीत ११३२ सालची एक नोंद आहे, लिहिलेली ११५४च्या सुमारास. मठाधिपती हेन्रीला मठ फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या अधिकाराखाली न्यायचा होता. त्यासाठी त्याने राजा पहिल्या हेन्रीकडे आपल्याच भिक्षूंच्या कागाळ्या केल्या. राजा जवळजवळ फसलाच होता, पण लबाडी उघडी पडली. पुढे राजाने त्याला मठाधिपतिपद ‘गिव्ह अप’ करायला लावलं आणि देशाबाहेर घालवलं. लगेच पुढच्या वाक्यात राजा तेच पद मार्टिन नावाच्या माणसाला देतो, आणि तिथेही क्रियापद ‘गिव्ह’च. अर्थाचं मूळ इतक्या जवळून क्वचितच दिसतं.

त्याआधीच्या इंग्रजीत अशी अर्थच्छटा आणायला बहुधा संस्कृतसारखा उपसर्ग लावत. आपल्याकडे ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार होतात तसा. पुढे बरेच उपसर्ग मागे पडले आणि त्यांचं काम क्रियापदानंतर येणाऱ्या अप, आउट, ऑफ या शब्दांकडे आलं. ‘फर्गिव्ह’मध्ये मात्र जुना उपसर्ग अजून जिवंत आहे.

१६११च्या इंग्रजी बायबलमध्ये क्रुसावरचा येशू ‘गेव्ह अप द गोस्ट’, म्हणजे प्राण सोडतो. पद, किल्ला, प्राण यांवरून हा प्रयोग सवयींपर्यंत आला. शेवटी कर्मही गळालं आणि नुसतं ‘आय गिव्ह अप’ उरलं: मी हात टेकले. आपल्या ‘सोडून देणे’तही देणं आहेच, सिगारेट सोडून दिली म्हटल्यावर ती कुणाला दिली, असं कुणी विचारत नाही. म्हणून मला हा प्रयोग मराठी माणसाला परका वाटू नये असं मनापासून वाटतं.

क्रियापद आणि अप, आउटसारखा शब्द यांच्या अशा जोड्या परभाषकांना सर्वांत अवघड जातात, हे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहिलं होतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५च्या पुस्तकामुळे रूढ झालं. तोवर ‘गिव्ह अप’ लिखाणात येऊन पावणेआठशे वर्षं होत आली होती.