रांग नेमकी कुठे मोडते?

प्रोग्राममधल्या कामांच्या रांगेत एकच काम उरलेलं असतं आणि दोन थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे, एकदमच तिच्यापाशी पोहोचतात. पहिला विचारतो, रांग रिकामी आहे का? उत्तर येतं, नाही. तो काम उचलणार, तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टीम त्याला थांबवते आणि प्रोसेसर दुसऱ्याच्या हाती देते. दुसराही तेच विचारतो, त्यालाही तेच उत्तर मिळतं, आणि तो काम उचलून चालता होतो. मग पहिल्याला पुन्हा पाळी मिळते. त्याच्या लेखी रांगेत अजून एक काम आहे. तो हात घालतो आणि तिथे काहीच नसतं. प्रोग्राम कोसळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच माहिती घेऊन पुढे चालत राहतो.

दोन्ही थ्रेड एकच कोड चालवत होते आणि तो कोड एकट्या थ्रेडने चालवला तर अगदी बिनचूक आहे. चूक आहे ती ‘पाहणं’ आणि ‘उचलणं’ यांच्यामध्ये राहिलेल्या फटीत. ही फट बुजवायची तर दोन्ही कृती एकाच लॉकच्या आत घ्यायच्या, म्हणजे एकाचं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला शिरकाव नाही. इलाज माहीत आहे. अवघड आहे ते वेगळंच: अशी फट आपल्या कोडमध्ये आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अशा रांगा सगळीकडे असतात. वेब सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्या, प्रिंटरकडे पाठवलेली पानं, व्हिडिओच्या फ्रेम्स या सगळ्यांत एक थ्रेड माल टाकतो आणि दुसरा उचलतो. कितीही थ्रेड कोणत्याही क्रमाने तुटून पडले तरी जिच्यातली एकही वस्तू हरवत नाही, दोनदा बाहेर पडत नाही आणि जिचा क्रम बिघडत नाही, तिला थ्रेड-सेफ रांग म्हणतात.

चाचणीची रूढ पद्धत अशी: चार थ्रेड टाकणारे, चार काढणारे, दहा लाख वस्तू, आणि शेवटी मोजदाद. ती करावीच, पण नीट. नुसती संख्या जुळवून भागत नाही, कारण एक वस्तू हरवली आणि दुसरी दोनदा निघाली तरी बेरीज जुळतेच. म्हणून प्रत्येक वस्तूवर टाकणाऱ्याचा क्रमांक आणि त्याचा अनुक्रमांक असा शिक्का मारायचा. मग तीन गोष्टी तपासता येतात: प्रत्येक शिक्का बाहेर आला का, एकदाच आला का, आणि कोणत्याही एका काढणाऱ्याला एका टाकणाऱ्याच्या वस्तू चढत्या क्रमाने मिळाल्या का. तिसऱ्या कसोटीतली ‘कोणत्याही एका काढणाऱ्याला’ ही अट विसरू नये. दोन वेगवेगळ्या काढणाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून क्रम लावायला गेलं, तर रांग निर्दोष असूनही चाचणी नापास होईल. वस्तू हातात पडणं आणि तिची नोंद होणं यांच्यामध्येही थ्रेड थांबवला जाऊ शकतोच.

एवढं करून चाचणी पास झाली, तरी त्यातून फार थोडं कळतं. थोडं गणित पाहा. दोन थ्रेड, प्रत्येकाच्या १० पायऱ्या. त्या एकमेकींत किती प्रकारे गुंफल्या जाऊ शकतात? १,८४,७५६ प्रकारे. प्रत्येकी २० पायऱ्या केल्या की हा आकडा १३,७८४ कोटींच्या वर जातो. प्रत्येकी १० पायऱ्यांचे तीन थ्रेड घेतले तर साडेपाच लाख कोटींहून अधिक. आणि प्रोसेसर या सगळ्या वाटा सारख्याच वेळा चालत नाही. तेच यंत्र, तोच भार, तीच वेळ असली की थोड्याशाच वाटा पुन्हा पुन्हा तुडवल्या जातात. एखादी चाचणी दहा लाख वेळा चालवली, याचा अर्थ बहुधा तीच पाच-पन्नास वळणं लाखो वेळा पाहिली एवढाच असतो. त्यात संशय आला म्हणून मधे प्रिंटची एक ओळ घातली, तर त्या ओळीला लागणाऱ्या वेळामुळे सगळं वेळापत्रकच सरकतं आणि चूक दिसेनाशी होते.

नशिबावर सोडलेल्या चाचणीचं काय होतं, याचं एक उदाहरण इतिहासात नोंदलेलं आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. झाडांना टेकलेल्या तारांपासून अनेक कारणं एकत्र आली होती. पण ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारी यंत्रणा आधीच गप्प झाली होती, आणि ती गप्प झाल्याचं तिथे बसलेल्यांना कळलं नव्हतं. दोन प्रक्रियांना एकाच डेटा रचनेत एकाच वेळी लिहायला मिळालं. सूचना हाताळणारा प्रोग्राम न संपणाऱ्या चक्रात अडकला, न हाताळलेल्या घटना साचत गेल्या आणि मुख्य सर्व्हर बंद पडला. पाठोपाठ राखीव सर्व्हरही गेला. हे सॉफ्टवेअर त्याआधी ठिकठिकाणी मिळून ३० लाखांहून अधिक तास चाललं होतं आणि त्या सगळ्या तासांत ही चूक कधीच दिसली नव्हती.

ती सापडायला सुमारे आठ आठवडे लागले. ज्या उपायाने सापडली तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. अभियंत्यांनी कोडमध्ये मुद्दाम विलंब घातले आणि यंत्रणेला सूचना पुरवत राहिले. फट होती काही मिलिसेकंदांची. विलंबाने ती रुंद झाली आणि दोन प्रक्रिया तिच्यात एकदम सापडल्या.

म्हणजे समांतर, एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणाऱ्या कोडची चाचणी करायची तर घटनांचा क्रम आपल्या ताब्यात घ्यावा लागतो. वाईट वेळ येण्याची वाट पाहायची नाही, ती आपणच आणायची.

याचा एक स्वस्त आणि फार कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे रांगच छोटी करणं. जास्तीत जास्त किती वस्तू मावतील हे ठरलेली एक रांग घ्या. भरली की टाकणारा झोपतो, रिकामी झाली की काढणारा झोपतो, आणि टाकणं किंवा काढणं झालं की झोपलेल्यांपैकी कोणाही एकाला उठवलं जातं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत हे काम नोटिफाय ही आज्ञा करते. कोड वाचताना खटकण्यासारखं काहीच दिसत नाही.

आता क्षमता १ ठेवा; टाकणारा एक, काढणारे दोन. रांग रिकामी असल्यामुळे दोन्ही काढणारे झोपले आहेत. टाकणारा एक वस्तू टाकतो आणि पहिल्या काढणाऱ्याला उठवतो, पण त्याची पाळी येण्याआधीच टाकणारा दुसरी वस्तू घेऊन परत येतो. रांग भरलेली, म्हणून तोही झोपतो. मग पहिला काढणारा वस्तू उचलतो आणि झोपलेल्यांपैकी एकाला उठवतो. त्यावेळी झोपलेले दोघे आहेत, टाकणारा आणि दुसरा काढणारा. समजा उठला दुसरा काढणारा. तो पाहतो तर रांग रिकामी, पुन्हा झोपतो. पहिला पुढच्या वस्तूसाठी येतो आणि तोही झोपतो. आता तिघेही झोपलेत. रांगेत जागा आहे, टाकणाऱ्याच्या हातात वस्तू आहे, पण त्याला उठवणारं कोणी जागं नाही. प्रोग्राम कायमचा थिजला.

आता हेच तीन थ्रेड हजार क्षमतेच्या रांगेवर चालवा. चूक कधीच दिसणार नाही, कारण टाकणारा हजार जागा भरून झोपण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या वस्तूलाच, दुसरा काढणारा उठवला गेलेला असतो. कोड तोच, चूक तीच, आणि चाचणी जन्मभर हिरवी, म्हणजे पास. इलाज म्हणजे सगळ्यांना उठवणं, किंवा टाकणाऱ्यांना आणि काढणाऱ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी झोपवणं. पण तो सुचण्याआधी चूक दिसायला हवी, आणि ती दिसते फक्त क्षमता १ असताना. माझ्या मते मर्यादित रांगेच्या कुठल्याही चाचणीत ही एक चाचणी असायलाच हवी. तिला वेळेची मर्यादाही घालावी, नाहीतर थिजलेला प्रोग्राम नापास न होता नुसता टांगून राहतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे कोणता थ्रेड केव्हा चालेल हे ठरवणारा शेड्युलरच स्वतःच्या हातात घेणं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये तयार झालेलं चेस नावाचं साधन हेच करायचं. सगळ्या वाटा तपासणं अशक्य आहे हे त्याच्या निर्मात्यांनी मान्य केलं, पण थ्रेडला मधेच थांबवण्याच्या संख्येवर मर्यादा घातली. एका धावेत फार तर दोन वेळा अडवायचं, आणि त्या मर्यादेतल्या सगळ्या वाटा पद्धतशीर तपासायच्या. एवढ्यातही बऱ्याच चुका हाती लागतात. २००८ साली मायएसक्यूएल, अपाचे, मोझिला आणि ओपनऑफिस या चार मोठ्या सॉफ्टवेअरमधल्या समांतरतेच्या १०५ खऱ्या चुकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या ९६ टक्के चुका घडवून आणायला फक्त दोन थ्रेडचा आपसातला क्रम पक्का करणं पुरेसं होतं. चूक दुर्मीळ असते, पण तिची रचना सहसा साधी असते.

२०१० साली मांडलेल्या एका पद्धतीत तर यादृच्छिकतेलाही हमी जोडली आहे. थ्रेडना यादृच्छिक अग्रक्रम द्यायचे आणि चालता चालता मोजक्या ठिकाणी ते बदलायचे. सुरुवातीला पाहिलेल्या चुकीला दोनच क्रम जुळून यावे लागतात: पहिल्याचं पाहणं दुसऱ्याच्या उचलण्याआधी, आणि दुसऱ्याचं उचलणं पहिल्याच्या उचलण्याआधी. दोन थ्रेड आणि एकूण हजार पायऱ्या असतील, तर अशी चूक एका धावेत सापडण्याची शक्यता किमान २,००० मध्ये एक असते. धावा २०,००० केल्या, तर ती निसटण्याची शक्यता २०,००० मध्ये एकाहूनही कमी उरते. ‘खूप वेळा चालवून पाहिलं’ या वाक्याला इथे पहिल्यांदा काही अर्थ येतो.

थ्रेडसॅनिटायझरसारखी साधनं वेगळ्या बाजूने जातात. कोणत्या थ्रेडने कोणत्या जागेला केव्हा हात लावला आणि मधे लॉकची देवघेव झाली का, याची ती नोंद ठेवतात. प्रोग्राम साधारण ५ ते १५ पट मंदावतो, पण प्रत्यक्ष अनर्थ घडला नाही तरी संरक्षणाविना केलेलं लिखाण पकडलं जातं. मात्र त्यांच्या मौनाचा अर्थ ओळखायला हवा. पाहणं एका लॉकमध्ये आणि उचलणं दुसऱ्यांदा घेतलेल्या त्याच लॉकमध्ये असेल, तर स्मृतीच्या पातळीवर सगळं सुरक्षित असतं आणि साधन काहीच बोलत नाही. मधली फट तशीच असते.

आणखी एक खोल प्रश्न उरतो: बरोबर म्हणजे काय? एकाने ‘अ’ टाकला, दुसऱ्याने ‘ब’ टाकला आणि ‘ब’ आधी बाहेर आला. चूक झाली का? मॉरिस हर्लिही आणि जॅनेट विंग या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० साली याचं नेमकं उत्तर दिलं, आणि त्यांच्या मांडणीतलं उदाहरणही रांगेचंच होतं. प्रत्येक कृती तिची सुरुवात आणि शेवट यांमधल्या एखाद्या क्षणी एकदम घडली असं मानून, साध्या रांगेचे नियम पाळणारा एक तरी क्रम लावता आला पाहिजे. ‘अ’ आणि ‘ब’ टाकण्याचे काळ एकमेकांवर आले असतील, तर ‘ब’ आधी येणं रास्त. ‘अ’ टाकून पूर्ण झाल्यावरच ‘ब’ टाकायला सुरुवात झाली असेल, आणि तरीही ‘अ’च्या आधी ‘ब’ बाहेर पडला, तर रांग मोडली.

कोणती कृती केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली याचा नोंदलेला इतिहास या व्याख्येत बसतो का, हे यंत्राकडून तपासून घेता येतं. पण असा क्रम शोधणं सर्वसाधारणपणे एनपी-पूर्ण आहे, म्हणजे इतिहास लांबला की शोध आवाक्याबाहेर जाऊ शकतो. म्हणून एका अवाढव्य धावेऐवजी तीन थ्रेड आणि प्रत्येकी चार कृती अशा हजारो छोट्या धावा घेणं शहाणपणाचं. त्यात प्रोसेसरही बदलून पाहावा. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर एका थ्रेडने आधी माहिती आणि मग ‘तयार’ची खूण लिहिली, तर इतरांना ती त्याच क्रमाने दिसते. आर्म प्रोसेसरवर (फोनमध्ये सहसा हाच असतो), कोडमध्ये तशी सक्ती केलेली नसेल तर, खूण आधी आणि माहिती नंतर दिसू शकते. इंटेलच्या लॅपटॉपवर वर्षभर टिकलेली लॉकविरहित, म्हणजे लॉक न वापरता बांधलेली रांग फोनवर फुटते ती अशी.

लॉकविरहित रांगांबाबत तर जाणकारांच्याही नजरेतून चुका सुटल्या आहेत. मॅगेड मायकेल आणि मायकेल स्कॉट यांनी १९९६ साली जी रांग मांडली, तिच्यावरच आज जावातली कॉन्करंटलिंक्डक्यू ही तयार रांग आधारलेली आहे. त्याच शोधनिबंधात त्यांनी आधी प्रसिद्ध झालेल्या एका रांगेत अशी फट सापडल्याचं नोंदवलं आहे.

म्हणून चाचणी लिहिताना एक सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी: यादृच्छिक क्रम ज्या बीजसंख्येवरून तयार झाला, ती चाचणी नापास होताच छापली जावी. शेड्युलर आपल्या हातात असेल, तर ती संख्या पुन्हा दिली की तोच क्रम, तीच पाळी आणि तीच चूक पुन्हा उभी राहते. दुरुस्तीनंतर ती बीजसंख्या चाचण्यांमध्ये कायमची ठेवून द्यायची आणि कोड बदलेल तेव्हा तीच धाव आधी घ्यायची.